सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी, तीन घोट आणि झोप: पिण्यावरून पुढची वाढ कळते का?

कोजागिरी (सोमवार, रात्री ११:५२)

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कारणाने लिहितेय. माझी मुलगी ३१व्या आठवड्यात झाली, वजन १४२० ग्रॅम. माझं बीपी एकदम वाढलं म्हणून सिझर करावं लागलं. आता तिचे (गर्भापासून मोजून) ३५ आठवडे भरलेत, वजन १७०० च्या वर गेलंय, ऑक्सिजन केव्हाच काढला, डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल. घोडं अडलंय ते पिण्यावर. नळीने दर दोन तासांनी २४ एमएल छान पचतं. वाटी-चमच्याने दिलं तर निम्मं घेते, निम्मं गळ्याखाली ओघळतं. अंगावर घेतली की तोंड उघडते, तीन-चार वेळा ओढते, थांबते, परत तीन-चार वेळा ओढते आणि डोळे मिटून गप्प. गालाला हात लावा, तळव्याला टिचक्या मारा, ढिम्म.

राउंडला डॉक्टर म्हणतात, "वेळ लागेल, घाई करू नका." सासूबाईंच्या बहिणीने फोनवर सांगितलं, "जे पोर दूध ओढत नाही ते पुढे मंदच निघतं." झालं, मी रात्री मोबाईल घेऊन बसले आणि नेमके तसलेच शोधनिबंध समोर आले. चोखण्याच्या पद्धतीवरून एक-दोन वर्षांनंतरच्या विकासाचा अंदाज बांधता येतो म्हणे. म्हणजे मावशीबाई बरोबर?

अनुभव असेल, माहिती असेल तर लिहा. नुसतं "सगळं छान होईल" नको, ते ऐकून कान किटलेत.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ६:१०)

अगं, माझा धाकटा दीर सातमाशाच. तेव्हा कसली पेटी न कसलं काय. सासूबाईंनी कापसात गुंडाळून चुलीजवळच्या खोलीत ठेवला आणि बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजलं. आज ट्रॅक्टरचं शोरूम चालवतो आणि पंगतीत बसला की वाढपी दमतात. सातव्याचं जगतं, आठव्याचं अवघड, असं आमच्याकडे म्हणायचे. तुझी सातव्याची आहे, काळजी सोड. तोंडाला चव लागायला मधाचं बोट चाटव, आणि घरी आली की गुटी चालू कर.

स्टेथोवाला (मंगळवार, सकाळी ७:३५)

काकू, दिराला दीर्घायुष्य लाभो, पण मध अजिबात नको. एक वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला नको, बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा, धोका असतो. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उगाळलेली गुटी म्हणजे सहाणेवरचे जंतू थेट पोटात. सातव्या-आठव्याचंही उलटंच आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. वाचलेल्या सातमाशांच्या गोष्टी घराघरात सांगितल्या जातात, न वाचलेल्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून ती म्हण टिकली.

ओपीडी आहे, बाकी रात्री लिहितो.

मीरा_ओटी (मंगळवार, दुपारी १:२०)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान बाळांच्या पिण्या-गिळण्याच्या तक्रारींवरच काम करते. कोजागिरी, "तीन-चार वेळा ओढते, थांबते" हे तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मला मात्र त्यात ३५ आठवड्यांच्या बाळाचं वयाला साजेसं पिणं दिसतंय.

पोटात असताना बाळ १२ ते १४ आठवड्यांपासूनच गर्भजल गिळायला लागतं. चोखण्याच्या हालचालीही बऱ्याच आधी सुरू होतात. पण पोटात श्वासाची भानगड नसते, ती बाहेर आल्यावर येते. घशात दुधाचा आणि हवेचा रस्ता काही अंतर एकच असतो, घाटातल्या एकेरी पुलासारखा. दूध जाताना श्वासाने थांबायचं, श्वास जाताना दुधाने. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिघांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो आणि पक्का व्हायला ३६-३७ उजाडतात. जे बाळ बरेच दिवस ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर होतं, त्याला आणखी उशीर.

तोवर बाळ स्वतःच एक तोडगा काढतं. तीन ते पाच वेळा चोखायचं, मग साधारण तितकाच वेळ नुसता श्वास घ्यायचा. आम्ही याला अपरिपक्व म्हणतो, बिघडलेलं म्हणत नाही. पूर्ण दिवसांचं बाळ एका दमात १० ते ३० वेळा चोखतं आणि त्यातच गिळणं, श्वास घेणं बसवतं. मला काळजी वाटते ती वेगळ्याच बाळांची. ज्यांच्या चोखण्याला ताल नाही, जबडा वेडावाकडा किंवा फार मोठा उघडतो, जीभ ताठ किंवा अगदी सपाट पडून राहते, आणि जी ४० आठवडे उलटून गेल्यावरही तशीच पितात.

चोखण्यातही दोन कामं आहेत. निप्पल जिभेने टाळूवर दाबणं आधी येतं, तोंडात पोकळी करून ओढणं मागाहून. म्हणून सुरुवातीला आई म्हणते, तोंड तर हलतंय पण पोटात काही जात नाही. घड्याळ समोर ठेवून बघ. दूध नसताना बाळ सेकंदाला साधारण दोन वेळा चोखतं, दूध यायला लागलं की वेग निम्म्यावर येतो, सेकंदाला एक. वेग उतरला आणि घशातून बारीकसा "क्क" ऐकू आला की समज, घोट गेला.

आता टिचक्यांबद्दल. त्या बंद कर. डोळे मिटणं हा तिचा "पुरे" सांगायचा एकमेव मार्ग आहे. त्याआधीही ती सांगत असते. बोटं ताठ फाकवते, भुवया वर चढवते, ओठांभोवतीचा रंग उतरतो, उचकी लागते. आणि भूक लागली की हात तोंडाकडे जातो, जीभ बाहेर येते, मान वळवून शोधते. घड्याळ दोन तास म्हणतंय म्हणून झोपलेल्या बाळाच्या तोंडात काही कोंबण्यापेक्षा नळीने दूध जाऊ दे आणि ती जागी असेल ती दहा मिनिटं पकड. जबरदस्तीने पाजलेल्या बाळांना पुढे तोंडाजवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीचा धसका बसतो, अशी मुलं मी दर आठवड्याला बघते.

युनिटमध्ये विचारून एक करता येईल. आधी दूध काढून घे, मग त्या रिकाम्या स्तनावर तिला लाव, आणि त्याच वेळी नळीने तिचं दूध चालू ठेवायला सांग. गिळायचा ताण नाही, पण चोखणं आणि पोट भरणं यांची सांगड तिच्या डोक्यात बसते. असं रिकामं चोखू दिलेल्या बाळांची नळी लवकर सुटते आणि ती लवकर घरी जातात, असं कॉक्रेनच्या (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात आलेलं आहे.

चिंगीची_आई (मंगळवार, दुपारी १:४८)

मीराताई, वाचनखूण साठवली. माझ्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर निम्मी रडारड वाचली असती.

शंकेखोर (मंगळवार, संध्याकाळी ७:०५)

धाग्याचा मूळ प्रश्न शोधनिबंधांचा होता, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, आकडेवारीत काम करतो, आणि भाचा २९ आठवड्यांचा असल्याने हे सगळं एकदा वाचून काढलं होतं.

कोजागिरींना बहुधा दोन निबंध दिसले असतील. एक अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेडॉफ-कूपर यांच्या गटाचा, २००९ चा. त्यांनी यंत्राने बाळांच्या चोखण्याचा दाब आणि एका दमातल्या चोखण्यांची लांबी मोजली, ३४ आणि ४० आठवड्यांच्या सुमारास, आणि १२ महिन्यांनी बाळांचा विकास मोजणारी बेली चाचणी घेतली. दुसरा नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा, २०१५ चा. तिथे ३७ ते ५० आठवड्यांच्या दरम्यान पिताना पुन्हा पुन्हा चित्रण केलं आणि दोन वर्षांनी मुलं तपासली. दोन्हींचा सूर साधारण सारखा: ज्यांचं चोखणं वेळेत सुसूत्र झालं त्यांचे गुण सरासरीने बरे, ज्यांचं नाही झालं त्यांचे थोडे कमी.

आता यात मेख आहे. "सरासरीने" या शब्दात सगळं आलं. दोन गटांच्या सरासरीत फरक असणं आणि एका बाळाकडे बघून त्याचं भविष्य सांगणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे गटही लहान. शिवाय चोखणं कमकुवत का होतं? फुप्फुसं जास्त आजारी, मेंदूत रक्तस्राव झालेला, जंतुसंसर्ग, जास्त दिवस व्हेंटिलेटर. यातली प्रत्येक गोष्ट पिणंही मागे खेचते आणि विकासही. चोखण्यासाठी जबडा, गाल, जीभ, घसा हे सगळं हलवणाऱ्या पाच कवटी-नसा आणि मेंदूचा देठ एका तालात चालावा लागतो. तिथे काही बिघडलं असेल तर ते आधी पिण्यात दिसतं. म्हणजे पिणं हे लक्षण, कारण नव्हे. उद्या कुणी बाळाला जोरात चोखायला शिकवलं म्हणून त्याचा बुद्ध्यांक वाढेल, असं यातून निघत नाही.

आणि दोघांचंही मोजमाप कुठवर चाललं ते बघा. एकाचं ४० आठवड्यांपर्यंत, दुसऱ्याचं ५० आठवड्यांपर्यंत. तुमची मुलगी ३५ ची आहे. परीक्षेची तारीखच अजून आलेली नाही, मावशीबाईंनी निकाल लावून टाकला.

कोजागिरी (मंगळवार, रात्री ९:३०)

शंकेखोर, शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी हसलो दोघं.

मीराताई, आज रिकाम्या स्तनावर लावायचं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "करा की, आम्ही सांगणारच होतो उद्या." चांगली बराच वेळ चघळत होती. पोटात किती गेलं ते गेलं, पण नळीचं दूध चालू असताना तिचा हात माझ्या गाऊनला धरलेला होता.

एक प्रश्न: बाटलीने दिलं तर सोपं जाईल का? शेजारच्या बेडच्या बाईंनी गुपचूप आणून ठेवली आहे.

पुणेरी_बाबा (मंगळवार, रात्री १०:०२)

बाटलीच्या नावाने उगाच ओरड करतात लोक. आमचा मुलगा बाटलीवरच वाढला. घरी आलेल्या बाईला रात्री तीनला दूध काढा, चमच्याने पाजा, भांडी उकळा असं सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं.

सिस्टर_वि (मंगळवार, रात्री १०:४०)

बाबा, आम्ही रोजच करतो हो, एका नाही तर एका ड्युटीत दहा बाळांना.

मी जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात आहे. बाटली बाळाच्या चुकीमुळे नको असं नाही, आमच्याकडच्या घरांमुळे नको. निप्पलच्या आतल्या कडेला दूध साचतं ते ब्रशनेही निघत नाही, आणि ज्या घरात पाणीच दिवसाआड येतं तिथे बाटली उकळणार कधी? वाटी आणि पळी घासून उकळली की झालं. दुसरं म्हणजे बाटलीत दूध आपोआप गळतं. बाळाला थांबायचं असतं तेव्हाही ते तोंडात येत राहतं, मग ठसका, मग रंग निळा. पळीने पाजताना दूध ओठाच्या कडेला टेकवायचं, बाळाने जीभ काढून घेतलं की थोडं, नाही घेतलं तर थांबायचं. घशात ओतायचं नाही. निम्मं ओघळतं म्हणता ना, तर डोकं थोडं आणखी उंच धरा आणि पळी निम्मीच भरा.

आया जिथे हमखास खचतात ते दूध काढणं. सुरुवातीला दहा-दहा एमएल येतं, मग बाई म्हणते मला दूधच नाही. दिवसातून आठ वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री, हाताने किंवा पंपाने, जमलं तर बाळाला छातीशी धरल्यानंतर लगेच. हळूहळू वाढतं. पहिला चीक तर थेंबभर असला तरी आम्ही बाळाच्या गालात आतून लावतो. ज्या आईला खरंच कमी पडतं तिच्यासाठी दुधाची पेढी असते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू केली, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. आमच्या बायकांना आधी ते विचित्र वाटतं, मग ज्या बाईचं बाळ दुसरीच्या दुधावर वजन घेतं ती घरी जाताना स्वतः दूध देऊन जाते.

आणि वडिलांना आत घ्या. कांगारू पद्धतीत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्यात, वडिलांची छातीही चालते. आमच्याकडे एक ट्रक ड्रायव्हर होता, शर्टाची बटणं उघडून खुर्चीत बसला की पोरगं दोन तास गाढ. त्याच्या बायकोला तेवढीच झोप.

मीरा_ओटी (मंगळवार, रात्री ११:१५)

सिस्टरच्या प्रतिसादाला +१. फक्त बाबांची बाजूही घेते. काही बाळांना पुढे बाटली द्यावीच लागते, आई नोकरीवर जाते, काही आयांना अंगावर पाजणं शक्यच होत नाही. तेव्हा कमी धारेचं निप्पल, बाळ कुशीवर, बाटली आडवी, आणि दर तीन-चार घोटांनंतर बाटली खाली करून श्वासाला जागा. पण कोजागिरी, तुझी अजून शिकतेय. शेजारणीची बाटली शेजारणीकडेच राहू दे.

स्टेथोवाला (मंगळवार, रात्री ११:५०)

ओपीडी लांबली, उशिरा आलो. शंकेखोर यांनी माझं काम केलं, एका बाबतीत पुरवणी जोडतो.

पिण्यावरून पुढच्या पाच वर्षांचं सांगता येत नाही, पण पुढच्या पाच तासांचं नक्की सांगता येतं. जे बाळ काल बरं पीत होतं आणि आज ओढायचं मंदावलं किंवा थांबलं, ते बहुतेकदा आजारी असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला शिकवलं. त्यातल्या ठळक खुणांमध्ये एक हीच होती: आधी नीट चोखणाऱ्या बाळाचं चोखणं कमी झालं किंवा बंद पडलं. रडणं क्षीण होणं, अंग ढिलं पडणं, हाताला गार लागणं याही होत्याच. त्या कामाने गावातले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्रयोगशाळा नाही, मशीन नाही, आई सांगते "आज पीत नाही" आणि त्यावर उपचार सुरू होतात.

म्हणून कोजागिरी, घरी गेल्यावर "आधीपेक्षा कमी" हा शब्द लक्षात ठेवा. पिणं अचानक उतरलं, पिताना निळी पडली, श्वास थांबतोय असं वाटलं, पोट फुगलं, उलटी हिरवी झाली, अंग गार लागलं, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल. सकाळची वाट नाही, फोनवर सल्ला नाही, इथे धागा तर मुळीच नाही.

कांगारूबद्दल: १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ही पद्धत सुरू केली. आता पेट्या असल्या तरी ती हवीच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, ज्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका ठळक होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली.

लेस्टरची_लेक (बुधवार, पहाटे ४:२०)

इथे इंग्लंडमध्ये अजून मंगळवारची रात्र आहे. आमचा २५ आठवड्यांचा, आता शाळेत जातो, धडधाकट आहे. पण मीराताईंनी जबरदस्तीबद्दल लिहिलंय त्यावर दोन शब्द.

त्याच्या नाकातोंडात कित्येक आठवडे नळ्या होत्या. चिकटपट्टी ओढून काढायची, सक्शन करायचं, परत लावायची. तोंडाजवळ येणारी प्रत्येक गोष्ट त्रासाचीच, हे तो दूध पिण्याआधी शिकला. घरी आल्यावर दूध कसंबसं जमलं, पण घट्ट खाणं सुरू केलं आणि खरा खेळ सुरू झाला. वरण-भाताचं एक शीत जिभेवर आलं की ओकारी. केळं हातात घ्यायचं नाही. आई भारतातून व्हिडिओवर म्हणायची, "दोन घास कोंब, आपोआप गिळेल." कोंबले की पुढचे दोन दिवस चमचा दिसला तरी तोंड फिरवायचा.

इथल्या स्पीच थेरपिस्टने सांगितलं की अशी मुलं त्यांना नवीन नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांवर एपिक्युअर नावाचा मोठा अभ्यास झाला. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं तर चघळणं, गिळणं, ठरावीक पोत सहन न होणं अशा तक्रारी वेळेवर जन्मलेल्या वर्गमित्रांपेक्षा त्यांच्यात कितीतरी जास्त होत्या. मला ते ऐकून हायसं वाटलं. "लाडावलेला आहे" या निदानापासून सुटका झाली.

मग आम्ही काय केलं तर टेबलावर ताटलीत खाणं नुसतं पसरून ठेवायचो. खेळ, चिवड, फेकून दे, खाल्लंच पाहिजे असं नाही. पहिल्यांदा त्याने आपण होऊन तोंडात घातलं ते शेव. पोह्यांवरची बारीक शेव! थेरपिस्टलाही मजा वाटली, म्हणाली कुरकुरीत लगेच विरघळतं, ते बरोबर निवडलंय त्याने.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ६:३०)

शेव खाणारा मुलगा आपला माणूस आहे.

डॉक्टर, मधाचं पटलं. गुटीचं मी सुनेला सांगणार नाही, ती तशीही ऐकत नाही.

पुणेरी_बाबा (बुधवार, सकाळी ९:१५)

शंकेखोर, परदेशातलेच अभ्यास का? आपल्याकडच्या मुलांचं पुढे काय होतं हे कुणी बघितलंय का, की सगळं ग्रोनिंगेनच्या भरवशावर?

शंकेखोर (बुधवार, सकाळी ११:४०)

तुमच्याच गावात बघितलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेली, जन्मवजन २ किलोच्या आतली बाळं डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार १८ वर्षांची होईपर्यंत तपासली. घर बदललेल्या कुटुंबांना शोधून काढायचं, शाळेत जायचं, पुन्हा बोलवायचं. आपल्याकडे इतकी लांब पल्ल्याची पाहणी विरळा. त्यात पिण्याचा वेगळा हिशेब नव्हता, विकासाचा होता. १२ व्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक वेळेवर जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी होता, पण सामान्य मर्यादेत. गणितासारख्या विषयांत अडचणी जास्त. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय दिवसांच्या मानाने वजनाने कमी अशी जी होती, ती सगळ्यात मागे.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पाहणी पहिल्या वाढदिवसाला थांबवू नये. चालायला लागलं, बोलायला लागलं, आता कशाला डॉक्टर, असं म्हणून लोक यायचं बंद करतात आणि तिसरीतल्या वजाबाकीला कळतं.

मीरा_ओटी (बुधवार, दुपारी २:०५)

हे फार महत्त्वाचं. पिण्याचा प्रश्न रेंगाळलेल्या बाळांच्या आयांना मी घाबरवत नाही, पण त्यांच्या फाइलवर लाल खूण करते: या बाळाची पाहणी सोडायची नाही. अशा बाळाला लवकर मदत मिळाली तर फायदा त्याचाच.

कोजागिरी, मेंदूच्या हालचालींच्या बाजूने बघायचं तर चोखण्यापेक्षा पक्की खूण तीन महिन्यांनी मिळते. तीन म्हणजे तिच्या अपेक्षित तारखेपासून मोजून. बाळ जागं, शांत, पाठीवर, अंगावर कमी कपडे, तोंडात काही नाही, कुणी खेळवत नाही, असा काही मिनिटांचा मोबाईल व्हिडिओ काढायचा. त्या वयात मान, मनगटं, घोटे यांच्यात बारीक सतत हालचाली असतात. त्या नीट दिसल्या तर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) शक्यता फारच कमी उरते. हे वाचायचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती लागते, घरच्या घरी निष्कर्ष काढू नये.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का? ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची ती पहिल्या महिन्याच्या आत व्हायलाच हवी. आणि कानाचीही. ही दोन्ही पिण्याच्या गडबडीत हमखास राहतात.

कोजागिरी (शनिवार, रात्री १०:१०)

डोळे झाले, पडदा अजून पूर्ण तयार नाही, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. कान घरी जायच्या आधी करणार आहेत.

पिण्याचं सांगते. काल पहाटेच्या फीडला वाटीने सगळं घेतलं आणि सकाळच्या फीडला काहीच नाही. मी रडकुंडीला आले तर सिस्टर म्हणाल्या, दिवसातले दोन पूर्ण फीड जमले तरी या आठवड्याला पुष्कळ झाले. अंगावर आता पाच-सहा वेळा ओढून मग थांबते. हो, मोजते मी. सासूबाईंनीही मोजलं, आणि मग त्यांनीच बहिणीला फोन करून खडसावलं. ते संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही.

चिंगीची_आई (रविवार, सकाळी ८:२५)

कोजागिरी, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

मीराताई, माझा एक प्रश्न याच धाग्यात विचारते. चिंगी ३२ आठवड्यांची, आता जन्मतारखेप्रमाणे सहा महिने होतील. घरात उष्टावणाची तारीख ठरली, मामा चांदीची वाटी घेऊन येणार, आणि हिची मान अजून नीट धरत नाही. सहा महिने कुठून मोजायचे? आणि आमच्या गावाकडे पाहणीसाठी कुठे जायचं, खासगी परवडत नाही.

मीरा_ओटी (रविवार, दुपारी १२:५०)

अपेक्षित तारखेपासून. दोन वर्षांपर्यंत मान धरणं, बसणं, खाणं सगळं करेक्टेड वयाने बघायचं, लस तेवढी जन्मतारखेने. खाण्याबद्दल तर आपल्याकडचाच दाखला आहे. दिल्लीतल्या तीन हॉस्पिटलांत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना करेक्टेड वयाने चार महिन्यांना आणि सहा महिन्यांना वरचं अन्न सुरू करून तुलना केली, २०१७ मध्ये छापून आलं. लवकर दिल्याने वजन काही जास्त वाढलं नाही, उलट दवाखान्यात भरती करायची वेळ मात्र जास्त आली. म्हणून चिंगीचं करेक्टेड सहाच्या आसपास, मान स्थिर झाल्यावर, डॉक्टरांना दाखवून. मान धरत नसताना चमचा नको.

मामांना येऊ दे. वाटी पूजेला ठेवा, फोटो काढा, जेवणावळ करा, खीर मोठ्यांनी खा.

पाहणीसाठी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी विचार, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात असतं, मोफत. तिथे बहुतेक फिजिओथेरपिस्ट, श्रवणतज्ज्ञ एकाच ठिकाणी भेटतात. जाताना डिस्चार्ज कार्ड ने, त्यावर जन्माचे आठवडे आणि वजन लिहिलेलं असतं. तुमच्या आशाताईंना सांगितलंस तर त्या कोणत्या वारी जायचं तेही सांगतील. मान धरत नाही हे तिथे पहिल्याच वाक्यात सांग. उष्टावणाची वाट न बघता याच आठवड्यात जा.

चिंगीची_आई (रविवार, दुपारी १:१०)

डिस्चार्ज कार्ड सापडलं. सोमवारी आशाताईंना गाठते.